कोपऱ्यातल्या मुलाची पारख

पालकसभा संपून मंडळी उठू लागली की एखादे वडील किंवा एखादी आई मागे रेंगाळते आणि विचारते, "सर, पोरगं कबड्डी बरी खेळतं म्हणतात. त्याचं पुढं काही होईल का?" मुलगा चढाई करणारा असेल तर या प्रश्नाचे उत्तर फारसे कठीण नसते. त्याने किती चढायांत किती गुण आणले हे कोणीही मोजू शकते. त्याचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी असते, गावच्या जत्रेतील सामन्यात त्याच्या हातावर कोणीतरी बक्षीसही ठेवलेले असते. परंतु मुलगा कोपरा सांभाळणारा किंवा मध्यरक्षक असेल, तर त्याच्या पालकांना प्रामाणिक उत्तर देण्याआधी बरेच काही पाहावे लागते. ते काय आणि कसे पाहावे, याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

आम्ही वस्तुतः इतिहासाचे शिक्षक. पण निवासी विद्यालयात विषयांच्या भिंती फार काळ टिकत नाहीत. संघ तालुक्याच्या स्पर्धेला न्यायचा तर क्रीडाशिक्षकांच्या जोडीला आणखी एक शिक्षक लागतो. ते काम एकदा आमच्याकडे आले ते राहिलेच. बाकावर बसून सामने पाहताना आमची नजर हळूहळू चढाईपटूवरून सरकून त्याची वाट पाहत उभ्या असलेल्या सात जणांवर स्थिरावली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही सवय असावीच लागते. सनावळीत राजाचे नाव येते, तट बांधणाऱ्याचे येत नाही.

प्रथम थोडे मैदानाविषयी. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे आणखी एका मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला ३० सेकंदांत, दम न सोडता, गडी टिपून किंवा निदानरेषा ओलांडून परतायचे असते. त्याला अडविणाऱ्या सात जणांत दोन कोपरे, त्यांच्या शेजारचे दोन, मग दोन मध्यरक्षक आणि मधला एक, अशी साधारण मांडणी असते. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा बहुधा एकमेकांचा हात धरून हलतात. बोनस गुण मिळविण्यासाठी चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा अधांतरी असावा लागतो. तो क्षण कोपऱ्यातल्याचा. टेकलेल्या पायाचा घोटा त्याच्या पंजात आला की घरी परतण्याचे अंतर पावणेपाच मीटरचे उरते. मध्यरक्षकाचे काम निराळे. चढाईपटूने कोपऱ्याकडे तोंड वळविले की बाजूने धडक देऊन त्याला सीमारेषेबाहेर लोटणे, किंवा घोटा धरला गेल्यानंतर त्याची परतीची वाट छातीने बंद करणे, हे तो करतो. इतके सगळे घडून गुण मिळतो एकच, आणि तो संघाच्या खात्यात जमा होतो.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरदर्शनच्या पडद्यावर पकडीचे गुणही खेळाडूच्या नावापुढे दिसू लागले. त्याचा फायदा बचावपटूंना निश्चित झाला. इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली आज आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्याच्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डाव्या कोपऱ्यातला गिरीश एर्नाक आणि मध्यरक्षक विशाल माने ही नावे याच काळात घरोघरी पोहोचली. मात्र पडद्यावरचा तो गुणही एकाच्याच नावावर चढतो. घोटा एकाने धरला आणि परतीची वाट दुसऱ्याने बंद केली, तर दुसऱ्याचे नाव कोठे येत नाही. शालेय सामन्यांत तर पहिल्याचेही नाव टिकत नाही.

बचावाने सामने जिंकले जातात याविषयी शंका असणाऱ्यांनी २०१८ ची जकार्ता आशियाई स्पर्धा आठवावी. १९९० पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारा भारताचा पुरुष संघ तेथे उपान्त्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला. पूर्ण चाळीस मिनिटांत १८ गुण! चढाईपटूंची कमतरता आपल्याकडे नव्हती. त्यांना परतू दिले गेले नाही. त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरविले, आणि त्या इराणी मुलींना शिकविणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पुढे १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळविले तेव्हाही अंतिम सामन्याचे गुण २८-२५ असेच आखडलेले होते. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, त्यामुळे त्या रात्री वसतिगृहात झोप कोणालाच नव्हती.

आता पारख कशी करावी ते पाहू. जगात इतरत्रही हा प्रश्न आहे. अमेरिकेत फुटबॉल नावाने जो खेळ खेळतात त्यात चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच आडदांड मुलांची फळी उभी असते. ती मुले सहसा चेंडूला हातही लावत नाहीत; आपल्या गड्याला वेळ मिळावा म्हणून समोरच्याला थोपवून धरणे एवढेच त्यांचे काम. वरच्या पातळीवर त्यांचे वजन १३५ किलोंच्या घरात असते. तेथील महाविद्यालये अशा शाळकरी मुलांना शिष्यवृत्ती देऊन नेतात, आणि त्यासाठी माणसे नेमून त्यांची पारख करतात. मुलाच्या खात्यात एकही गुण नसताना ही माणसे पाहतात काय? त्याची पावले, कमरेचा वाक, आणि धक्का बसल्यावर तो किती लवकर पुन्हा पायांवर येतो. आमच्या मते हीच दृष्टी आपल्या कोपऱ्यातल्या मुलालाही लावावी.

पावलांपासूनच सुरुवात करू. चांगला बचावपटू चालत नाही, सरकतो. बाजूला सरकताना त्याचे पाय एकमेकांवर चढत नाहीत, टाच जड पडत नाही, आणि गुडघे वाकलेलेच राहतात. ज्याचे पाय सरकताना एकमेकांना ओलांडतात त्या मुलाला चढाईपटू हुलकावणी देऊन त्याच क्षणी टिपतो. ही गोष्ट शिकविता येते, पण कमरेचा लवचिकपणा जन्माचा आणि सवयीचा असतो. मुलाला टाचा जमिनीला टेकवून पूर्ण उकिडवे बसायला सांगावे. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, चुलीपुढे वाढलेली आपली मुले सहज बसतात आणि तसेच बसून बोलत राहतात. खुर्चीत वाढलेली पुष्कळ मुले मागे कलंडतात. गरिबीने दिलेल्या देणग्या फार थोड्या आहेत, त्यांपैकी ही एक.

हाताच्या पकडीकडे सर्वांचेच लक्ष जाते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. पंजा मोठा असावा, हे ठीकच. पण घोटा धरताना मुलगा केवळ हातांनी धरतो की धरताक्षणी खांदा त्या पायाला टेकवितो, हे पाहावे. हातांनी धरलेला पाय निसटतो. खांदा टेकला की चढाईपटूचे सारे वजन त्या पायावर अडकते. डोके कोठे ठेवतो तेही पाहावे. खाली घातलेल्या डोक्यावर चढाईपटूचा गुडघा आदळतो. असे डोके घालणारा मुलगा शूर दिसतो, टाळ्याही मिळवितो. त्याची ती सवय मोडल्याशिवाय त्याला सामन्यात उतरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याहून महत्त्वाची, आणि निवड चाचणीत जवळजवळ कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे न धरण्याचा निर्णय. कबड्डीचा नियम असा की पकडीच्या झटापटीत चढाईपटू मध्यरेषेला पोहोचला, तर त्याला लागलेले सारे गडी बाद होतात. एकाने उतावीळपणे झेप घेतली आणि त्याच्या मागोमाग आणखी तिघे तुटून पडले, तर एका पकडीच्या हव्यासापायी चार गडी जातात, आणि मग लोण चढायला वेळ लागत नाही. म्हणून ज्या चढाईत काहीच घडले नाही, तीच आम्ही अधिक बारकाईने पाहतो. चढाईपटूने पाय पुढे केला, प्रेक्षकांतून 'धर, धर' असा ओरडा झाला, आणि कोपऱ्यातला मुलगा अर्धे पाऊल मागे सरून तसाच उभा राहिला. त्याने काय ओळखले होते? पाय हुलकावणीचा होता, वजन मागच्या पायावर होते. पंधरा वर्षांच्या पोराला हे दिसत असेल तर त्याच्यात काहीतरी आहे. पुढे तोच मुलगा तिसऱ्या चढाईच्या वेळी, म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतर समोरच्याला गुण आणणे भागच असते तेव्हा, पहिल्यापेक्षा दोन पावले पुढे उभा राहतो का, हेही पाहावे. संघात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीला एक गुण अधिक मिळतो. तेव्हा जोखीम घ्यावी की घेऊ नये याचा हिशेब तो स्वतः करतो, की बाहेरून कोणी ओरडेपर्यंत थांबतो? हा हिशेब करणारी मुले गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसलेली असू शकतात. आम्ही पाहिली आहेत.

आणखी एक कसोटी. चढाई उजव्या बाजूला चालली असताना डाव्या कोपऱ्यातल्या मुलाकडे पाहावे. बहुतेक मुले त्या वेळी प्रेक्षक होतात, कंबरेवर हात ठेवतात. जो मुलगा त्या बाजूलाही चढाईपटूच्या हालचालीबरोबर आपली साखळी आवळत-सैल करत राहतो, शेजाऱ्याला हाक देऊन पुढेमागे करतो, तो मुलगा खेळ वाचत असतो. संघात बोलणारा बचावपटू कोण आहे हे डोळे मिटूनही कळते. आणि पकड फसल्यानंतर? बाद होऊन बाहेर बसल्यावर तो शेजाऱ्याला दोष देतो, मान खाली घालून बसतो, की पुढच्या चढाईकडे पाहतो? बाद झालेला गडी संघाने गुण मिळविल्यावर क्रमाने परत येतो. परत आल्यानंतरच्या पहिल्या चढाईत त्याची पावले पूर्वीसारखीच हलली, तर त्याच्या मनाची ताकद आमच्या लेखी दोन पकडींहून मोठी.

आता शरीराविषयी, कारण सर्वांत मोठा अन्याय येथे होतो. चौदा वर्षांखालील गटाच्या चाचणीत दोन मुले शेजारी उभी केली जातात. एकाच्या ओठावर लव आली आहे, दुसरा त्याच्या खांद्याला लागतो. निवड कोणाची होणार ते सांगायला नको. परंतु मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ते वय सरासरीने चौदाच्या आसपास, मुलींचे बाराच्या आसपास. आणि ही केवळ सरासरी आहे. कोणाची वाढ दोन वर्षे आधी होते, कोणाची दोन वर्षे उशिरा. लहानपणी अन्न पुरेसे मिळाले नसेल तर ती आणखी लांबते. चौदाव्या वर्षी मोठा दिसणारा मुलगा अठराव्या वर्षीही मोठाच असेल असे नाही. तो फक्त आधी मोठा झालेला असतो. आपल्या वसतिगृहात आलेली, आईबाप कारखान्याच्या हंगामात कोयता घेऊन गावोगाव फिरत असलेली मुले येथे दोन-तीन वर्षे नियमित जेवल्यानंतर, बहुधा नववी-दहावीत, एकाएकी वर येतात. तोपर्यंत चौदा वर्षांखालील गटाची दारे बंद झालेली असतात, आणि 'हा खेळाडू नाही' हा शिक्काही बसलेला असतो.

त्यात जन्मतारखेचा घोळ. आपल्या हजेरीपटात १ जून ही जन्मतारीख किती मुलांची आहे हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. कागदावरचे वय आणि हाडांचे वय यांत अंतर पडले की काही मुलांचा तोटा होतो, आणि काही मंडळी मुद्दाम वय चोरून त्याचा फायदाही घेतात. म्हणूनच वरच्या स्पर्धांत वयाच्या शंकेवर मनगटाची क्ष-किरण तपासणी केली जाते. हे वाचताना आम्हांला आपल्याच गावची पांढरी आठवते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील वस्तीत, घरांच्या जमिनीखाली, दोन घट तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांच्या वयाचा कागद कोठून असणार? अभ्यासकांनी ते दातांच्या उगवणीवरून आणि हाडांच्या वाढीवरून ठरविले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालकाची वाढ जर इतक्या काळजीने वाचली जाते, तर समोर जिवंत उभ्या असलेल्या मुलाची उंची वर्षातून चार वेळा भिंतीवर खूण करून मोजायला आपल्याला काय हरकत आहे? तीन महिन्यांत उंची किती वाढली हे पाहिले की मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. आईवडिलांची उंचीही विचारून घ्यावी. कबड्डीत वजनाला वरची मर्यादा असते, प्रो कबड्डीतही ती ८५ किलोंची आहे. त्यामुळे राक्षसी देहाची गरज नाही. कोपऱ्यातला खेळाडू मध्यम बांध्याचा असला तरी चालतो. मध्यरक्षकाला मात्र खांदे आणि मांड्या भरलेल्या लागतात, आणि त्या भरायला अठरा-एकोणीस वर्षे लागतात.

कोण कोपऱ्यात उभा राहतो आणि कोण चढाईला जातो, हेही नेहमी गुणांवरच ठरते असे नाही. गावच्या संघात चढाई ज्याच्या घरचे मैदान त्याच्या मुलाकडे आणि कोपरा वस्तीवरच्या मुलाकडे, अशी वाटणी पाहिलेले वाचक या स्मरणिकेला पुष्कळ मिळतील. इतिहासात याचे मोठे उदाहरण पळवणकर बाळू यांचे. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्या या चर्मकार समाजातील तरुणाने ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन् तास गोलंदाजी केली. त्याच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही, असे सांगितले जाते. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती आणि त्याचा चहा मात्र मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, ही गोष्ट निराळी. खेळाडू म्हणून त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पारख करणाऱ्याने मुलाला एकाच जागी पाहून निकाल देऊ नये, एवढ्यासाठी हे उदाहरण दिले. कोपऱ्यातल्या मुलाला महिनाभर चढाईला पाठवून पाहावे. चढाई जमली नाही तरी चढाईपटूच्या पायात उभे राहून तो जे शिकतो, ते त्याला पुन्हा कोपऱ्यात उपयोगी पडते.

मग पालकांना सांगावयाचे काय? वाटा दोन आहेत. शालेय स्पर्धांची वाट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांतून तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी जाते. दुसरी वाट जिल्हा कबड्डी संघटनेच्या किशोर व कुमार गटांच्या निवड चाचण्यांची. क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी उंची, वजन, धावणे, उडी, लवचिकता, मेडिसिन बॉल फेकणे अशा चाचण्या घेतात. त्या उपयुक्त आहेत, पण वर सांगितलेला न धरण्याचा निर्णय त्यांत मोजला जात नाही, हे लक्षात ठेवावे. तेथे मुलगा निवडला गेला नाही म्हणून तो बचावपटू म्हणून संपला असे समजू नये. वरच्या पातळीवरील स्पर्धांतील खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस, सेनादले यांचे संघ आहेत. पूर्वी एअर इंडियासारख्या सार्वजनिक कंपन्याही कबड्डीपटूंना नोकरी देत. एअर इंडिया २०२२ साली खासगी झाली, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आणि प्रो कबड्डीचा हिशेब तर प्रत्येक मुलाने वहीत करून पाहावा. संघ बारा; एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून, परदेशी खेळाडूंसह, फार तर तीनशे. त्यांत कोपरे आणि मध्यरक्षक किती, हे ज्याने त्याने भागून घ्यावे. म्हणून दहावी सोडून मुलाला एखाद्या अकादमीत पाठविण्याचा विचार असेल तर आम्ही पालकांना तीनच प्रश्न विचारावयास सांगतो. तेथून मुलगा परीक्षेला कोठे बसणार? गुडघ्याचा स्नायुबंध फाटला तर उपचाराचा खर्च कोण करणार? आणि बचाव शिकविणारा स्वतंत्र प्रशिक्षक आहे का, की सर्वांनाच चढाई शिकवितात? तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळ ठिकाणी शांतता पसरते. बचावपटूचे घोटे, गुडघे आणि खांदे चढाईपटूपेक्षा लवकर कामास येतात. ज्याच्या हाती पदवी किंवा एखादा हातचा व्यवसाय आहे त्यालाच एक हंगाम बाहेर बसून दुखापत पूर्ण बरी करणे परवडते. शिक्षण चालू ठेवावे हा आमचा आग्रह निव्वळ शिक्षकी पेशातून आलेला नाही. खेळाची गरज म्हणूनही तो खरा आहे.

मुलींच्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. वरील सारे मुलींनाही लागू आहे. फक्त त्यांची वाढ आधी होत असल्याने बारा-तेराव्या वर्षीची चाचणी त्यांच्या बाबतीत अधिक फसवी ठरते, आणि पंधराव्या वर्षी 'आता पुरे' म्हणून घरी बसविले जाते ते नेमके मध्यरक्षकाचे खांदे भरू लागण्याच्या वेळी. सामन्याच्या गावी मुक्काम करावा लागतो ही पालकांची अडचण आम्हांला समजते. संघाबरोबर शिक्षिका असल्याशिवाय मुलींचा संघ मुक्कामी नेला जात नाही.

विद्यालयात बचावपटूंसाठी एक साधी वही ठेवली जाते. तिच्यात प्रत्येक सामन्यातील प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाच रकाने आहेत: धरले आणि जमले, धरले आणि फसले, योग्य वेळी धरले नाही, साखळीत साथ दिली, आणि हाक दिली. नोंदी मैदानाबाहेर बसलेली मुलेच आळीपाळीने करतात, त्यामुळे पाहण्याची सवय त्यांनाही लागते. शेवटच्या पानांवर दर तीन महिन्यांची उंची व वजन आहे. ज्या पालकांना मुलाविषयी विचारावयाचे असेल त्यांनी ही वही कार्यालयातून मागून घ्यावी, आणि निदान दोन हंगामांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका हंगामावरून काही ठरवू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज कोठे कबड्डी खेळत वा शिकवीत असतील त्यांनी वर्षातून एखादा रविवार येऊन कोपऱ्यातल्या मुलांना अर्धा दिवस द्यावा. मॅट आपल्याकडे नाही, मैदान मातीचे आहे, पण आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवलेले असते.